आधी अंगठा, मागाहून पाकीट

गोव्यातल्या आमच्या जुन्या खाणकंपनीने गेल्या वर्षी एक स्मरणिका काढली. जाड गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, मशीनच्या बाजूला उभे राहिलेले मालक. आतल्या एका पानावर माझा तरुणपणचा फोटो आहे. खाली लिहिलंय की माझ्या काळात एकही कामगार पगाराविना राहिला नाही, आणि सीमेपलीकडच्या मजुरांच्या घरापर्यंत पगार पोचवायची पद्धत मी घालून दिली.

मी ते पान दोनदा वाचलं आणि चहा तसाच ठेवून उठलो. यातली पहिली गोष्ट खरी आहे, पण ती माझ्यामुळे झाली नाही. दुसरी गोष्ट अर्धी खरी आहे, आणि माझ्या वाट्याला जे अर्धं येतं त्याची मला लाज वाटते. स्मरणिका काढणाऱ्यांनी मला काही विचारलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का, हे मात्र मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

त्याच आठवड्यात माझी नात केकचा एक तुकडा डब्यात घालून घरी आली. ती पर्वरीच्या एका कचेरीत बसून चार देशांतल्या माणसांचे पगार करते. तिकडच्या सुट्ट्या वेगळ्या, कर वेगळे, महिना मोजायची रीतही वेगळी. त्या दिवशी म्हणे कचेरीत पगार करणाऱ्यांचा गौरव झाला. फुगे लावले, टाळ्या वाजवल्या, केक कापला. स्मरणिकेतलं पान बघून ती खूश झाली आणि मला म्हणाली की आजोबा, म्हणजे तुम्ही आमच्यातलेच. मी म्हटलं, तुमच्यातला माणूस दुसरा होता. त्याचं नाव त्या अख्ख्या पुस्तकात नाही.

नाव मीही इथे लिहीत नाही, कारण त्याच्या घरच्यांनी तसं सांगितलंय. कामगार त्याला मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तर म्हणतो. तो शाळामास्तर नव्हता, पगारकारकून होता. अंगठा लावणाऱ्या मजुरांना तो जेवणाच्या सुट्टीत पाटीवर सही गिरवायला लावी, त्यावरून ते नाव पडलं.

मी पेडण्यातल्या कोरगावचा. आमची तिथे काजूची आणि थोडी भाताची जमीन. नोकरीसाठी डिचोलीला आलो आणि खाणीच्या कचेरीत हेडक्लार्क झालो. मास्तर सावंतवाडीच्या बाजूचा, सातार्ड्याच्या पलीकडचा. त्याच्या आणि माझ्या गावात तसं अंतर फारसं नाही. मध्ये नदी, आणि नदीवर दोन राज्यांची हद्द. वयाने आम्ही बरोबरीचे, तरी तो मला भाऊ म्हणे, तुमी म्हणे. मी त्याला नुसतं मास्तर म्हणे आणि अरे-तुरे करी. त्या वेळी त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं.

खाणीवरचे बरेचसे मजूर त्याच्याच बाजूचे. सातार्डा, आरोंदा, दोडामार्ग. खाणीलगतच्या पत्र्यांच्या खोल्यांत राहायचे. त्यांचा पगार करणं म्हणजे नुसत्या बेरजा-वजाबाक्या नव्हत्या. कुणाचं रेशनकार्ड तिकडचं, बँकेचं पुस्तक इकडचं. कुणी खाणीवर मेला, तर त्याच्या बायकोला भविष्यनिधी मिळायला तिकडच्या ग्रामपंचायतीचा दाखला लागे, आणि तो दाखला आमच्या मुख्य कचेरीला पटत नसे, कारण शिक्का ओळखीचा नाही. मग मास्तर आपल्या रविवारी बसने जाई, तलाठ्यासमोर बसे, त्याला आमच्या कचेरीला कसा कागद लागतो ते समजावी, आणि सोमवारी सकाळी वेळेवर कामावर येई. बसभाडं स्वतःचं. जेवण म्हणजे पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, दोन उंडे पाव आणि बरोबर मिरची. त्याने कधी बिल दिलं नाही आणि मीही कधी माग म्हटलं नाही. मालकाच्या पाहुण्यांसाठी आणलेल्या काजूगराची बिलं मात्र मी बिनबोभाट मंजूर करत होतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आषाढ लागला की हे मजूर लावणीसाठी घरी जात. पावसात खणणं बंदच असे, पाणी उपसायला आणि यंत्रं धुवायला थोडी माणसं पुरत. पगाराचा दिवस मात्र सात तारखेचा, आणि मजूर त्याच्या आधीच गेलेले. पगारासाठी परत यायचं तर लावणीचे दोन दिवस बुडत. न यावं तर पैसे कचेरीत पडून राहत, मुख्य कचेरीतून विचारणा होई की पगारवाटप पुरं का झालं नाही, आणि ती विचारणा माझ्या नावाने येई.

यावर मीच तोड काढली. जाण्याआधी मजुरांचे अंगठे पगारपत्रकावर घेऊन ठेवायचे. सात तारखेला पाकिटं भरायची. मास्तरने ती आपल्या गावी जाताना न्यायची आणि घरोघर वाटायची. पत्रकावर वाटप वेळेवर पुरं झालेलं दिसेल, आणि पैसेही पोचतील.

मास्तरला हे पटलं नाही. तो माझ्या मेजासमोर उभा राहिला आणि शाईचा पॅड हातात धरून म्हणाला, "भाऊ, अंगठो आदी आणि पैशे मागीर, ह्या बरा नाय. अंगठो म्हणजे माका मेळाले असा सांगणा. मेळूच्या आदी तो कसो सांगतलो?"

मी त्याला म्हटलं की तुझ्यावर माझा विश्वास आहे, मग तुला भीती कसली. तो म्हणाला की भीती त्याला त्याची नाही, त्या अंगठ्याची आहे. मी हसलो. मग त्याने लेखी मागितलं. मी एका कागदाच्या तुकड्यावर लिहून दिलं: लावणीस जाणाऱ्यांचे अंगठे आगाऊ घ्यावेत, पाकिटे मागाहून पोचवावीत. खाली माझी सही.

त्यानंतर मास्तरने आपली एक पद्धत सुरू केली. ज्याचा अंगठा आगाऊ घ्यायचा त्याला तो स्वतःच्या अक्षरातली एक चिठ्ठी देई. पगार किती, कापला किती, उचल किती, हातात किती येणार. मजूर ती चिठ्ठी घरी नेई. मास्तर पाकीट घेऊन गेला की घरातलं माणूस पैसे मोजून घेई आणि मग त्या चिठ्ठीवर अंगठा लावी. बहुतेक वेळा बायको, नाहीतर आई, कारण पुरुष चिखलात. चिठ्ठी मास्तर परत आणी. खरी पोच ती. पावसाळा संपला की सगळ्या चिठ्ठ्या तो एका लाल फडक्यात बांधून माझ्याकडे देई. गठ्ठ्यात सगळ्यांत वर माझ्या हातचा तो आदेशाचा कागद असे. मी गठ्ठा कपाटात ठेवून कुलूप लावी. असं काही वर्षं चाललं आणि कुणाचा एक पैसा कमी पडला नाही.

गोवा राज्य होण्याच्या आदल्या पावसाळ्यात इथे भाषेवरून रान पेटलं होतं. कोकणी की मराठी, यावर घराघरांत भांडणं. ते भांडण मी इथे उकरून काढत नाही. मी मराठीच्या बाजूचा होतो, देवळाच्या मंडपात भाषणं करत होतो. पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत आपली बोली एक, पोथी एक, सोयरीक एक, मधली नदी ही काही भिंत नव्हे, असं मी बोललो की लोक टाळ्या वाजवत. मास्तर एकदा ऐकायला आला होता. मंडपाच्या बाहेर छत्री घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला की भाऊ, तुमी बरा बोललास, फक्त नदीर पूल आसा ता इसारलास. कचेरीत सगळे हसले, मीही हसलो.

त्याच आषाढात रस्ते बंद पडले. झाडं आडवी टाकलेली, टायर जाळलेले, बस नाही. सात तारीख गेली. पाकिटं भरून तिजोरीत होती आणि मास्तरला पलीकडे जाता येत नव्हतं. तो रोज सकाळी मोटार स्टँडवर जाऊन बस सुटते का बघे आणि भिजून कचेरीत येई. चालतही निघाला, अस्नोड्यावरून लोकांनी परत पाठवला.

आणि नेमका त्याच दिवसांत मुख्य कचेरीतून हिशेबतपासनीस आला. त्याने पगारपत्रक उघडलं. सगळ्यांचे अंगठे लागलेले, वाटप पुरं. मग त्याने तिजोरी उघडली, तर पाकिटं आत. त्याने एकेक पाकीट मोजलं. पैसे बरोबर होते. पण कागद म्हणत होता की पैसे दिले, आणि पैसे तर इथेच. त्याला यात चोरीची तयारी दिसली. त्याला दुसरं काय दिसणार?

मॅनेजरच्या खोलीत आम्हाला उभं केलं. मॅनेजरने विचारलं, हे कुणाच्या सांगण्यावरून झालं? मास्तरने माझ्याकडे बघितलं. बोट दाखवलं नाही. फक्त बघितलं, जसं कुणी दाराशी थांबून आधी तुम्ही पुढे व्हा म्हणतं तसं.

मी म्हणालो, "मला याची कल्पना नव्हती."

तेवढंच बोललो. माझी बढती त्या महिन्यात ठरायची होती. मॅनेजरच्या मागे उभा असलेला स्टोअरकीपर हळूच म्हणाला, "भायलो न्हय तो? पयशे घेवन आपल्या गांवांत वतलो आसलो." भायलो, म्हणजे बाहेरचा; पैसे घेऊन आपल्या गावी निघून गेला असता, असं त्याचं म्हणणं. मंडपात नदी ही भिंत नव्हे म्हणणारा मी तिथेच उभा होतो. मी तो शब्दही तसाच जाऊ दिला.

मास्तरने एकच गोष्ट मागितली. रस्ता सुटला की त्याला एक दिवस द्यावा, तो पाकिटं पोचवून येईल, मग काय ती चौकशी करावी. मॅनेजरने नाही म्हटलं. त्याच दुपारी त्याला काढून टाकलं. कागदावर कारण घातलं: पगाराच्या नोंदींत अफरातफर. हा शब्द मागे लागल्यावर त्याला नंतर कुठल्या कचेरीने दारात उभं केलं नाही.

जायच्या आधी किल्ल्या द्यायला तो माझ्या मेजाशी आला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"भाऊ, चिठ्यो तुमच्याकडे आसत," तो म्हणाला. "भिजाक देव नकात. लोकांच्यो आसत त्यो."

मी मान हलवली. मला तेव्हा वाटलं की तो कामगारांची काळजी करतोय. घरी जाताना लक्षात आलं की तो मला आठवण करून देत होता. मागच्या सगळ्या वर्षांच्या चिठ्ठ्या माझ्या कपाटात होत्या. प्रत्येक अंगठा, प्रत्येक रक्कम. तो गठ्ठा मेजावर ठेवला असता तर अफरातफर हा शब्द तिथल्या तिथे मेला असता. पण गठ्ठ्याच्या वर माझ्या सहीचा कागद होता. मी तो कागद काढून नुसत्या चिठ्ठ्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, एवढीही अक्कल मला सुचली नाही. की सुचली होती आणि मी घाबरलो? मला आता नीट आठवत नाही, आणि आठवत नाही हे सोयीचं आहे, हेही मला कळतं.

आठवड्याभराने रस्ते सुटले. कंपनीने निरोप धाडला की ज्याचा पगार असेल त्याने स्वतः येऊन घ्यावा. लावणी ऐन भरात. पुरुष आले नाहीत, बायका आल्या, आणि त्यांना घेऊन मास्तर आला. नोकरी गेलेला माणूस, पण त्याने घरोघर फिरून प्रत्येकीला किती मिळायचे ते सांगितलं होतं, प्रत्येकीच्या हातात त्याची चिठ्ठी होती. त्याला फाटकाच्या आत घेतलं नाही. तो बाहेर आंब्याखाली उभा राहिला, आणि ज्या बाईला पाकीट मिळेल ती त्याच्याकडे जाऊन चिठ्ठीशी ताडून घेई. नवा कारकून दोनदा चुकला. दोन्ही वेळा चूक मास्तरने आंब्याखालून काढली.

एक म्हातारी माझ्या जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, आली. तिचा मुलगा आमच्याकडे गाडी भरायला होता. ओलं इरलं तिने काखेत धरलं होतं.

"तुमी हंय बसतास, तुमका म्हायत आसतला," ती म्हणाली. "ह्या माणसान आमचो एक तरी पैसो खाल्ल्यान काय?"

आत मॅनेजर होता, तपासनीस होता. मी म्हटलं, "नियमाप्रमाणे काय ते होईल, बाये." आणि जनेल ओढून घेतलं, पाऊस आत येतोय असं दाखवत.

पुढच्या उन्हाळ्यात गोवा राज्य झालं. कचेरीत पेढे वाटले. तोवर मी कचेरीचा प्रमुख झालो होतो, नव्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून पेढा खाल्ला. आगाऊ अंगठ्याची पद्धत अर्थात बंद झाली. त्याऐवजी कंपनीने पाकिटं घरपोच करायची रीतसर सोय केली, एक जीप आणि दोन माणसं, आणि घरी पोच घ्यायला छापील चिठ्ठी. छापील चिठ्ठीचा नमुना मी तयार केला. मास्तरच्या चिठ्ठीवरून, रकान्यांसकट. स्मरणिकेत जी पद्धत मी घालून दिली म्हणून छापलीय ती ही.

नातीला मी हे सगळं सांगितलं. मग तिने तिची एक गोष्ट सांगितली. दोन महिन्यांपूर्वी एका देशात अचानक सुट्टी जाहीर झाली, तिथल्या बँका बंद राहिल्या, आणि तिथल्या माणसांचे पगार अडकले. साहेबाने आदल्या आठवड्यात तिला तिकडच्या बँका उघड्या आहेत ना हे ताडायची पायरी गाळायला सांगितली होती, तोंडी. घोळ झाल्यावर मात्र सगळ्यांना मेल गेली, चूक तिची म्हणून. ती म्हणाली, जाऊ द्या आजोबा, असं होतंच. मी चिडलो. तिच्यावर नव्हे, त्या साहेबावर, आणि त्या साहेबात मी मला बघितलं म्हणून जास्त. मी तिला म्हटलं की केक कापताना उभं राहायला सगळे असतात. चौकशीच्या दिवशी तुझ्या बाजूला कोण उभं राहिलं ते मला सांग. आणि तोंडी सांगितलेलं लेखी माग, आणि तो कागद स्वतःजवळ ठेव, साहेबाच्या कपाटात ठेवू नको.

चार देशांतल्या माणसांना आपला पगार कोण करतं हे माहीतसुद्धा नसतं. पैसे वेळेवर आले की कुणी आठवण काढत नाही, चुकले की शिव्या. मास्तरचंही तेच होतं. फरक इतकाच की मास्तरला निदान आंब्याखाली उभं राहून बघता येत होतं, की बाईच्या हातात पैसे पडले.

गेल्या महिन्यात मी लाल फडकं कपाटातून काढलं. घर बदललं, कपाट बदललं, पण ते मी टाकलं नव्हतं. भिजूही दिलं नव्हतं, तेवढं एक मी पाळलं. कंपनीला एक निवेदन लिहिलं. आगाऊ अंगठ्यांचा हुकूम माझा, रस्ते बंद असताना मास्तर चालतही निघाले होते, अफरातफर झालेली नाही, पोचचिठ्ठ्या सोबत, पद्धत त्यांची, आणि चौकशीत मी खोटं बोललो. मग नातीला घेऊन पूल ओलांडला आणि सातार्ड्यापलीकडे त्यांच्या घरी गेलो.

मास्तर जाऊन काही वर्षं झाली. शेवटपर्यंत दुसऱ्यांच्या दुकानांचे हिशेब लिहून पोट भरलं, असं कळलं. घरी त्यांची बायको आहे. तिने आम्हाला ओसरीवर बसवलं, सोलकढी दिली, कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती उठून आत गेली नाही, मला तशी भीती होती.

मी निवेदन वाचून दाखवलं. तिने मधेच थांबवून "अफरातफर झालेली नाही" ही ओळ परत वाचायला सांगितली. मी परत वाचली.

"तेंका वाटत होता तुमी सांगतलास," ती म्हणाली. "बरीच वर्सा वाटत होता. टपालवालो इलो की बघीत."

तिने पुढे रागाने काही म्हटलं नाही. फक्त विचारलं की हा कागद कुणाला दाखवणार, आणि त्याच्याखाली सही कुठाय. मी म्हटलं की अजून केलेली नाही. तिने आधी ऐकावं, बरोबर आहे म्हणावं, मग करीन. मास्तरची रीत तीच होती. तिने एका जागी दुरुस्ती सांगितली. अस्नोड्यावरून चालत परत आले ते एकदा नव्हे, दोनदा. मी तसं लिहिलं. मग तिने मान हलवली, आणि तिच्यासमोर मी सही केली.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा आता तिच्याकडे आहे, तांदळाच्या पिंपात, प्लास्टिकच्या पिशवीत. कंपनीला मी निवेदन आणि चिठ्ठ्यांच्या प्रती दिल्या.

कंपनीकडून उत्तर नाही. दर सोमवारी मी फोन करतो. फोनवरची मुलगी सभ्य आहे. ती म्हणते की स्मरणिका छापून झाली, आता त्यात बदल होणार नाही, आणि इतक्या जुन्या गोष्टीने कुणाला काय फरक पडणार. मी तिला विचारलं, तुझा पगार कोण करतं ते तुला माहीत आहे का? तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, शोधून काढ आणि मग मला सांग की फरक पडत नाही. तोवर माझ्या फोटोचं ते पान फाडून नवं लावा. खर्च माझ्याकडून घ्या. पान लागेपर्यंत मी सोमवारी फोन करत राहणार आहे.